आठवीचं घनफळ आणि आबांची विहीर : वर्गातला अभ्यास गावाच्या कामाला कसा जोडायचा

पहिल्या वर्षी आमच्या आठवीच्या पोरांनी गावातल्या अकरा विहिरी मोजल्या, तक्ता रंगवला आणि ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आबा शाळेत आले. चपला बाहेर काढून वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या पोरांनी लिहिलंय एवढं पाणी माझ्या विहिरीत असतं, तर मी गेल्या मार्चात टँकर कशाला बोलावला असता?"

तक्त्यावर त्यांच्या विहिरीपुढे ३ लाख ३९ हजार लिटर लिहिलं होतं. तिथल्या तिथे फळ्यावर गणित पुन्हा मांडलं. विहिरीचा व्यास ६ मीटर, पाणी ३ मीटर. पोरांनी त्रिज्येच्या जागी ६ घातले होते. त्रिज्या दुप्पट धरली की तिचा वर्ग चौपट होतो, म्हणून पाणीही चौपट झालं. खरा आकडा निघाला ८४,८०० लिटरच्या आसपास. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेआठ टँकरांचे चौतीस टँकर झाले होते. चाचणीत या चुकीला अर्धा गुण जातो. इथे एक म्हातारा माणूस वस्तीवरून दीड किलोमीटर चालत आला होता. आबांनी फळ्याकडे बघत "हां, आता बरोबर" म्हटलं, तेव्हा सबंध वर्गाने श्वास सोडला.

मी दुष्काळी पट्ट्यातल्या शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. खाली जे लिहितोय ते 'गावाच्या पाण्याचा ताळेबंद' या एकाच उपक्रमाबद्दल आहे, कारण तो मी स्वतः करून, चुकून, पुन्हा केलाय. वृक्षारोपण, ग्रामस्वच्छता, प्रभातफेरी यांची यादी कुठेही मिळेल.

काम निवडताना दोन प्रश्न

शाळांमध्ये 'समाजसेवा' म्हणून जे चालतं त्यातलं बरंचसं झाडू, फोटो आणि अहवाल यांतच संपतं. पोरं रस्ता झाडतात, ते चांगलंच. पण झाडताना भूगोलाचं पान उघडावं लागत नाही आणि झाडून आल्यावर विज्ञान जास्त कळलेलं नसतं. म्हणून काम ठरवण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. धडा आला नाही तर हे काम अडेल का? आणि आपण काम चुकीचं केलं तर गावात कुणी तक्रार करायला येईल का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच हात घालायचा. आबांची तक्रार हा माझ्या लेखी उपक्रम बरा चालल्याचा पहिला पुरावा होता.

ही काही नवी कल्पना नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथे गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा, म्हणजे 'नई तालीम'चा, विचार मांडला आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. टकळीवर सूत कातता कातता गणित, कापसावरून भूगोल, या सांधेजोडीला नई तालीमवाले 'समवाय' म्हणत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तोही हाताने काम करत शिकण्यासाठीच. अलीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा बिनदप्तराचे दिवस सुचवलेत. हे दिवस एका आठवड्यात उरकू नका. जूनपासून मेपर्यंत पसरा; पाण्याचं काम तसंही बाराही महिन्यांचं आहे.

जून : आधी आठवणीतला नकाशा

पहिल्या तासाला मुलांना कोरा कागद द्या आणि गाव आठवून काढायला सांगा. विहिरी, हापसे, ओढा, टाकी, वस्त्या. मदत करू नका. सगळे नकाशे भिंतीवर लावले की कोण कुठे जात नाही ते लगेच दिसतं. आमच्या पस्तीसपैकी अठ्ठावीस नकाशांत ओढ्यापलीकडची वस्ती नव्हतीच. तिथली चार पोरं त्याच वर्गात बसतात. मी काही बोललो नाही. पुढच्या शनिवारी त्या चौघांच्या पाठोपाठ सगळा वर्ग ओढा ओलांडून गेला, एवढंच केलं.

दुसरा फरक मुलगे-मुलींचा. मुलग्यांना कुणाच्या विहिरीवर किती एचपीची मोटर आहे ते तोंडपाठ. मुलींना मे महिन्यात हापशाला हंडा भरायला किती वेळ लागतो ते माहीत. ताळेबंदाला दोन्ही लागतं. त्या वस्तीवर विहीर नाही, त्यामुळे तिथला पहिला आकडा एका मुलीच्या वहीतून आला: पंधरा लिटरचा हंडा, जानेवारीत दीड मिनिट, मेमध्ये सात.

मग चालत जाऊन नकाशा दुरुस्त करायचा. तलाठ्याकडून गावनकाशा मिळाला तर प्रमाण घालून द्यायला सोपं जातं.

पर्जन्यमापक

दोन लिटरची, सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. मध्ये कंबर असलेली चालत नाही. वरचा निमुळता भाग कापून, टोपण काढून, तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, तेव्हा खाली खडे घाला, सपाट भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. बाहेरून पट्टी चिकटवली की झालं. जवळच्या भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, मोकळ्यावर ठेवा. कुत्री पाडतात, म्हणून विटांत बसवा.

नोंद सकाळी साडेआठला घ्यायची. हवामान खातंही त्याच वेळी आदल्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवतं. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. सुट्टीच्या दिवशी शाळेजवळ राहणाऱ्याची पाळी. मुलांना इथे एक प्रश्न जरूर टाका: तोंड मोठं असलेल्या बाटलीत जास्त पाऊस दिसेल का? हे भांडण दोन दिवस चालू द्या. तोंड आणि पोट सारख्या रुंदीचं असेल तर आकडा बदलत नाही, हे तुम्ही सांगण्याऐवजी दोन बाटल्या शेजारी ठेवून त्यांनाच बघू दे.

इथूनच एक वाक्य पक्कं करून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हेक्टरवर तोच दहा हजार लिटर.

विहिरी मोजणं

सगळ्यात जास्त वेळ, तयारी आणि धास्ती इथेच.

परवानगी आधी. मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची लेखी संमती आणि विहीरमालकाचा होकार, तिन्ही हवेत. मालकाकडे मी स्वतः आदल्या संध्याकाळी जातो. पहिला प्रश्न ठरलेला: "ही सरकारी मोजणी आहे का?" विहिरीची, बोअरची नोंद सरकारदरबारी गेली तर पाणी बंद करतील, ही भीती खरी आहे आणि तिला हसू नये. आम्ही शब्द देतो की तक्त्यावर मालकाचं नाव नसेल, फक्त विहिरीचा क्रमांक असेल. तो शब्द पाळा. आबांना आपली विहीर ओळखू आली ती जागेवरून, आणि गावात तेवढं कळतंच. पण पुढच्या वर्षापासून तक्त्यावरचा नकाशाही आम्ही ढोबळ केला.

कठडा नसलेल्या विहिरीवर मुलं न्यायची नाहीत. मालक कितीही म्हणो, "काय होत नाही." अशा विहिरीचं माप मालकाकडून घ्या किंवा ती वगळा. कठडा असलेल्या ठिकाणीही एका वेळी पाच-सहाच मुलं, सोबत दोन मोठी माणसं, त्यांतलं एक पोहणारं, आणि जाड दोर हाताशी. टेप धरणारी दोन मुलं कठड्याजवळ, बाकीची चार पावलं मागे, वही घेऊन.

सामान हजार-दीड हजारात येतं: तीस मीटरचा फायबरचा टेप, त्याच्या टोकाला बांधायला लोखंडी नट, ऑईलपेंटची छोटी डबी, एक नोंदवही. कठड्यावर एका जागी रंगाची खूण करा. दरवेळी तिथूनच मोजायचं. टेप सोडत गेलं की नट पाण्याला टेकल्याचा 'डुब' असा आवाज येतो. तोपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि आठवीचा वर्ग एवढा गप्प मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या. मग नट तळापर्यंत सोडा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पाण्याची उंची. जमिनीपासून पाणी किती खोल ते लिहायचं असेल तर कठड्याची उंची वजा करायची. पहिल्या वर्षी आम्ही तेही विसरलो होतो.

व्यास मोजायला विहिरीवरून टेप आडवा धरू नका. बाहेरून कठड्याचा घेर मोजा, ३.१४ ने भागा, आणि कठड्याच्या जाडीची दुप्पट वजा करा. आतला व्यास मिळतो आणि कुणाला वाकावं लागत नाही. परिघाचं सूत्र पोरांना सातवीपासून पाठ असतं. ते आपल्याला विहिरीत पडण्यापासून वाचवतंय हे लक्षात आलं, तेव्हा एक जण म्हणाला, "सर, मग हे आधी सांगायचं ना!"

वेळेचं भान ठेवा. रात्रभर मोटर चालली असेल तर सकाळी पाणी खाली गेलेलं दिसणार. या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे की रात्रीची, ते विचारूनच दिवस ठरवा, आणि मोटर बंद होऊन किती तास झाले तेही नोंदवा.

आणि विहीर म्हणजे टाकी नव्हे, हे मुलांना समजावं लागतं. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी मुरमाच्या थरात आणि भेगांत राहतं, तिथून विहिरीत झिरपतं. म्हणून विहिरीतलं आजचं घनफळ हा गावाचा साठा धरायचा नाही; खालचं पाणी किती वर आहे ते त्यावरून कळतं. मालक तयार असेल तर मोटर बंद झाल्यावर दर अर्ध्या तासाने पातळी मोजून आलेख काढा. आधी भराभर चढतं, मग मंदावतं. विज्ञानाच्या दोन तासांचं काम त्या एका वाकड्या रेषेत होतं.

मोटरचं पाणी मोजणं त्या मानाने सोपं. दोनशे लिटरचा बॅरल किती सेकंदांत भरतो ते बघा. चाळीस सेकंद लागले तर सेकंदाला पाच लिटर, तासाला अठरा हजार.

खर्चाची बाजू

आता घरोघरी जायचं, पण प्रश्न पाचच: माणसं किती, जनावरं किती, रब्बीत काय लावणार, किती एकर, पाणी कसं देणार. मुलांनी आधी एकमेकांच्या मुलाखती घेऊन सराव करावा. "काका, राग मानू नका, शाळेचं काम आहे" हे वाक्य आमच्याकडे मुलांनीच शोधलं आणि ते चालतं.

हिशेब कसा लावायचा ते एका कल्पित गावावर दाखवतो. क्षेत्र ८०० हेक्टर, पाऊस ४५० मिमी, लोकसंख्या १५००, मोठी जनावरं ४००.

पडलेलं पाणी ३६० कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर आला की वर्ग हरखतो. यातलं बहुतेक वाहून जातं, वाफ होतं, पिकं आणि माती ओढून घेतात. आम्ही जमिनीत मुरणारं दहा टक्के धरतो, म्हणजे ३६ कोटी. माणशी रोज ५५ लिटर, हे जलजीवन मिशनचं माप. त्याने गावाला वर्षाला ३ कोटी लागतात. जनावराला रोज ६० लिटर धरलं तर ८८ लाख. शेतीला उरले साधारण ३२ कोटी.

उसाला हंगामभरात १५०० ते २५०० मिमी पाणी लागतं. मधला २००० धरला तर एका एकराला सुमारे ८१ लाख लिटर. म्हणजे चाळीस एकर उसात ते ३२ कोटी संपले. तेच पाणी रब्बी ज्वारीला ६० मिमीची एक पाळी (एका वेळचं भिजवणं) म्हणून दिलं तर एकराला २.४ लाख लिटर, आणि तेराशे एकरांची पाळी निघते. आणखी एक तुलना मुलांनीच काढली होती: पावणेचार एकर ऊस म्हणजे सगळ्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी.

हा कच्चा हिशेब आहे आणि तक्त्यावर तसं लिहाच. उसाला थोडं पाणी थेट पावसातून मिळतं, ठिबकने बरंच वाचतं, पाझर तलावाची भर वेगळी. दहा टक्के हा आकडाही खडकाप्रमाणे बदलतो. पण कच्च्या हिशेबातूनही चाळीस आणि तेराशे यांतला फरक लपत नाही.

एक नाजूक गोष्ट. वर्गात ऊसवाल्यांची पोरं असतात. "ऊस लावणारे पाणी पळवतात" असं एखादं मूल म्हणतंच. तिथे मी थांबवतो आणि उसाच्या घरच्या मुलाला विचारतो, घरी ऊसच का लावतात? तो सांगतो: कांद्याचा भाव कोसळतो, उसाला कारखाना आहे. पाण्याच्या हिशेबाशेजारी हा हिशेबही वहीत आला पाहिजे. नाहीतर मुलं गावाला उपदेश करायला निघतात आणि गाव त्यांना हसून परत पाठवतं.

ग्रामसभा

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या नेहमीच्या तारखा. ताळेबंदाचा उपयोग पेरणीआधी, म्हणून २ ऑक्टोबर धरा. तोवर पाऊस पुरता गेलेला नसतो, तेव्हा सप्टेंबरअखेरचे आकडे 'तात्पुरते' म्हणून मांडा आणि २६ जानेवारीला दुरुस्त करून पुन्हा मांडा. विषयपत्रिका निघायच्या आधी सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटून विषय घालून घ्या. ऐनवेळच्या विषयांत गेलात तर तोवर माणसं उठलेली असतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पावसाळ्यानंतर गाव बसून पाण्याचा हिशेब करतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. तिथे त्यामागे १९८९ साली सरपंच झालेल्या पोपटराव पवारांचं तेव्हापासूनचं काम आहे. तुमच्या गावात पहिल्या वर्षी तसं काही होणार नाही. आमच्याकडे ठराव झाला तो एवढाच, की हापशाच्या शंभर मीटरमध्ये नवीन बोअर घ्यायचा नाही. त्यावरही दोघं रुसले.

मांडणी मुलांनीच करावी, सात मिनिटांत. तिघं पुरेत: एक नकाशा, एक जमा, एक खर्च. आदल्या दिवशी रंगीत तालमीला एखादा खवट शेतकरी मुद्दाम बोलवा आणि त्याला हवे तसे प्रश्न विचारू द्या. आमच्याकडे हे काम आता आबा करतात. "व्यास का त्रिज्या?" हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

वही आणि गुण

प्रत्येक फेरीनंतर वर्गात वीस मिनिटं, तीन प्रश्न: आज काय मोजलं, कुठे चुकलं, कुणाचं म्हणणं ऐकून आपलं मत हललं. तिसऱ्याचं उत्तर पहिले दोन महिने 'कुणाचंच नाही' असं येतं. येऊ द्या. निबंधाची भाषा दिसली की मी खाली फक्त 'म्हणजे काय?' असं लिहितो.

गुण घामाला देऊ नका. आठवीपर्यंतच्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, उपक्रम, प्रात्यक्षिक, तोंडी काम अशी साधनं आहेतच. गणिताचा भाग गणितात, मुलाखत मराठीत, आलेख विज्ञानात, नकाशा भूगोलात टाका. इतर विषयांच्या शिक्षकांशी हे जूनमध्येच बोला. ऑक्टोबरात गेलात तर "आमचा पोर्शन राहिलाय" हेच ऐकाल, आणि त्यांचं चुकत नसतं.

शहरात, कॉलेजात

विहिरी नसल्या तरी नळ आहेत. सेकंदाला एक थेंब ठिबकणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब गाळतो; वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरहून जास्त. शाळेच्या परिसरातल्या सोसायट्यांतले असे नळ मोजा, आकडा सोसायटीच्या सेक्रेटरींना द्या आणि महिन्याने पुन्हा मोजा. ती दुसरी मोजणी टाळू नका. कॉलेजातल्या एनएसएसवाल्यांकडे (राष्ट्रीय सेवा योजना) वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. सात दिवसांत बंधारा बांधायची घाई करण्यापेक्षा दत्तक गावातल्या त्याच विहिरी दरवर्षी त्याच तारखांना मोजल्या, तर पाच वर्षांत गावाच्या हाती काहीतरी पडेल.

मे

आम्ही विहिरी चारदा मोजतो: सप्टेंबरअखेर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये. शेवटची वेळ सगळ्यात महत्त्वाची आणि ती नेमकी उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. निम्मी पोरं मामाच्या गावाला, काही आईबापांबरोबर कामावर. मी स्वतःही गावी जातो. म्हणून टेप, नट आणि नोंदवही कुणाच्या घरी राहणार, सोबत कोणती मोठी माणसं जाणार, हे एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गेल्या वर्षी वही ओढ्यापलीकडच्या त्या मुलीकडे होती. जूनमध्ये तिने ती परत दिली तेव्हा मेच्या रकान्यात अकरापैकी नऊ विहिरींचे आकडे होते. दोन विहिरींपुढे लिहिलं होतं, 'नट तळाला टेकला, आवाज आला नाही.'